अंगुलिमुद्रा-प्रवेशाचा कळफलक-माउस संच

संगणकास मजकूर व आज्ञा पुरविणारा कळफलक आणि पडद्यावरील दर्शक फिरविणारा माउस या नित्याच्या जोडीत, वापरणाऱ्या इसमाच्या बोटाचा ठसा वाचून त्याच्या ओळखीची खातरजमा करणारा संवेदकही समाविष्ट केलेला असेल, तर त्या संचास हे नाव देतात. संवेदक बहुधा कळफलकावर, एखाद्या स्वतंत्र चौकटीत किंवा एका कळेतच बसविलेला असतो. काही संचांत तो माउसच्या अंगावर असतो. परवलीचा शब्द टंकित करण्याऐवजी बोट टेकवून संगणकात प्रवेश मिळविणे हा त्याचा मुख्य उपयोग होय.

पूर्वपीठिका : हाताचा ठसा ओळखीचा पुरावा म्हणून सरकारी दप्तरात रुजविण्याचा आधुनिक उपक्रम हिंदुस्थानातच सुरू झाला. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई याच्या करारनाम्यावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. करार आपण केलाच नाही, असे पुढे त्याला म्हणता येऊ नये, हा त्यातील हेतू होता. हर्शेलनेच १८७७ मध्ये हुगळी येथे निवृत्तिवेतन व दस्तनोंदणीच्या कामी बोटांचे ठसे घेण्याची तजवीज केली. कलकत्त्यात १८९७ मध्ये अंगुलिमुद्रा-कार्यालय स्थापन झाले, आणि पोलीस दलातील अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेली ठशांची वर्गीकरणपद्धती त्यांचा वरिष्ठ एडवर्ड हेन्री याच्या नावाने १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. तेव्हा ठशांची तुलना मनुष्याचे नेत्र करीत; संगणकाने तेच काम एका क्षणाच्या आवाक्यात आणले.

संचाचा विकास : घरगुती वापरासाठी असा संच बाजारात आणण्याचा ठळक प्रयत्न मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये केला. डिजिटलपर्सोना या कंपनीच्या तंत्रावर आधारलेल्या या संचाने विंडोज एक्सपीमध्ये प्रवेश करता येई, एकाच संगणकावरील कुटुंबीयांना आपापल्या खात्यांत झटकन जाता येई, आणि संकेतस्थळांचे परवलीचे शब्द बोट टेकताच भरले जात. मात्र हे साधन सोयीसाठी असून आर्थिक स्वरूपाच्या संवेदनशील माहितीच्या रक्षणासाठी ते वापरू नये, असा इशारा निर्मात्यांनीच दिला होता. तो किती यथार्थ होता, हे २००६ मध्ये फिनलंडच्या सैन्यदलातील एका संशोधकाने या संचाच्या ठसा-वाचकातून संगणकाकडे जाणारी ठशाची प्रतिमा सांकेतिक रूपात न जाता उघडीच जाते, हे दाखवून दिले तेव्हा स्पष्ट झाले. विंडोज ७ मध्ये (२००९) अशा उपकरणांसाठी एक सामायिक चौकट आली व विंडोज १० बरोबर (२०१५) ‘विंडोज हॅलो’ ही परवलीच्या शब्दाविना प्रवेश देणारी सोय रूढ झाली. अ‍ॅपलने २०२१ मध्ये ‘टच आयडी’ हा ठसा-संवेदक असलेला बिनतारी कळफलक आणला. त्यात ठशाची माहिती सांकेतिक मार्गाने मॅक संगणकातील सुरक्षित भागाकडे जाते आणि ताळा तेथेच पाहिला जातो.

कार्यपद्धती : बोटाच्या कातडीवर उंच कंगोरे व त्यांमधील खोल चऱ्या असतात. प्रकाशीय वाचकात काचेच्या लोलकावर बोट टेकले असता, कंगोरे काचेस भिडतात तेथे आतून परावर्तित होणारा प्रकाश क्षीण होतो, चऱ्यांखाली तो पूर्ववत परततो, आणि या छायाप्रकाशातून प्रतिमा सिद्ध होते. धारकीय संवेदक कंगोरे व चऱ्या यांच्या अंतरभेदामुळे विद्युत्‌-धारकतेत पडणारा फरक मोजतो; तो पातळ व लहान असल्यामुळे कळेतही सामावतो. पुढे आज्ञावली कंगोरे जेथे संपतात अथवा दुभंगतात अशी स्थळे हेरून त्यांचा गणिती आराखडा तयार करते. नव्या स्पर्शाचा आराखडा मूळ आराखड्याशी तंतोतंत कधीच जुळत नसल्याने, साम्य एका ठरीव मर्यादेपलीकडे गेल्यास प्रवेशाची मुभा मिळते. ही मर्यादा सैल ठेवली तर परक्यास आत घेण्याचा आणि कडक केली तर मालकासच बाहेर ठेवण्याचा संभव वाढतो. सारी निर्मितिकुशलता या दोन चुकांचा तोल राखण्यात असते. टच आयडीत नोंदलेल्या एका बोटाशी परक्याचे बोट जुळण्याचा संभव ५०,००० त एक असल्याचे अ‍ॅपल सांगते.

वापर : प्रथम संगणकावर परवलीचा शब्द किंवा पिन ठरवावा लागतो, ठशाची नोंदणी त्यानंतर होते. नोंदणीच्या वेळी बोट अनेकदा टेकवावे व दर वेळी किंचित फिरवावे, म्हणजे कडेचे कंगोरेही टिपले जातात. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताने ठसा देता यावा, तसेच एका बोटास इजा झाल्यास काम अडू नये, म्हणून दोन्ही हातांचे किमान एकेक बोट नोंदणे श्रेयस्कर. संवेदक मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा. ओल्या वा तेलकट बोटाचा ठसा नीट वाचला जात नाही. मॅक पुन्हा सुरू केल्यावर, तसेच सलग पाच वेळा ठसा न जुळल्यास, परवलीचा शब्दच द्यावा लागतो.

मर्यादा : परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो, बोट बदलता येत नाही, आणि त्याचा ठसा तर मनुष्य पेल्यावर, दारावर व खुद्द कळफलकावरही सोडून जातो. जपानमधील त्सुतोमु मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या कृत्रिम बोटांनी तत्कालीन अनेक ठसा-वाचकांस फसविले होते. दुसरी मर्यादा सामाजिक न्यायाशी निगडित आहे. शेतीत, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांच्या कामात ज्यांची बोटे झिजली, अथवा वार्धक्याने ज्यांची कातडी गुळगुळीत झाली, त्यांचे ठसे यंत्रास पुष्कळदा नीट वाचता येत नाहीत. बोटांच्या ठशांशी जोडलेल्या आधार क्रमांकाच्या वाटपास २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी प्रारंभ झाला. त्यानंतर शिधावाटप दुकानांत यंत्रावर अंगठा न जुळल्याने कष्टकऱ्यांची जी अडवणूक होते, तिचे एक मूळ याच शारीरिक कारणात आहे. संगणकापुढे बसणाऱ्यास परवलीचा शब्द हा दुसरा मार्ग सहज उपलब्ध असतो. धान्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या वृद्धेसही तितकाच सुलभ पर्याय मिळाला पाहिजे.

ठसा हा मनुष्याची ओळख पटविणारा पुरावा आहे, त्याचे गुपित नव्हे. यास्तव हा संच रोजच्या प्रवेशाची दगदग वाचविण्यासाठी निःशंकपणे वापरावा. परंतु त्यामागे भक्कम परवलीचा शब्द असावा, पैशाच्या व्यवहारास दुसऱ्या पडताळणीची जोड असावी, आणि ज्याचा ठसा उमटत नाही त्याचा हक्क कोणत्याही व्यवस्थेने केवळ तेवढ्यामुळे नाकारू नये.