जमा, नावे आणि वाचन-आकलन : मराठवाड्यातील हिशेबाच्या भाषेचा एक मागोवा

टेंभुर्णी (ता. जाफ्राबाद, जि. जालना) परिसरासारख्या ग्रामीण भागातून वाणिज्य शाखेत येणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तपालनातील बेरीज-वजाबाकी सहसा अडवीत नाही. अडवतो तो प्रश्नाचा मजकूर. कोणी मराठी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबातून आलेला असतो, कोणाच्या घरी दखनी उर्दू असते, तांड्यावरून आलेल्याची मातृभाषा गोरबोली असते, तर व्यापारी घरातील मुलाच्या कानावर मारवाडी पडलेली असते. ही अडचण केवळ इंग्रजीच्या भीतीची मानली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिची मुळे या प्रदेशाच्या इतिहासात शोधली पाहिजेत.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील हिशेब एका भाषेत कधीच नव्हता. गावचा कुलकर्णी मोडीत लिही; मारवाडी पेढीवरील वही महाजनी वळणाच्या अक्षरांत असे. सरकार-दरबारची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. अवघ्या दहा वर्षांत शिक्षणाची भाषा पालटली. उर्दू माध्यमातून शिकलेल्या पिढीला हिशेबाची परिभाषा पुन्हा नव्याने आत्मसात करावी लागली, याची नोंद आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

शब्द मात्र राजवटींपेक्षा चिवट ठरले. शिवकाळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘जमा’, ‘बाकी’, ‘वसूल’, ‘हिशेब’ हे मूळचे अरबी शब्द व्यवहारातून गेले नाहीत. मराठी, उर्दू आणि मारवाडी बोलणाऱ्या तिघांनाही ते आजही सारखेच कळतात. याउलट पाठ्यपुस्तकातील ‘धनको’ आणि ‘ऋणको’ तिघांनाही सारखेच परके! गावात ‘येणे’ आणि ‘देणे’ म्हटले की काम भागते.

परंतु ओळखीचा शब्दही फसवू शकतो. देशी वहीत डावीकडे जमा व उजवीकडे नावे लिहिण्याची रीत होती. १४९४ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध झालेल्या लुका पॅचिओलीच्या ग्रंथात वर्णिलेली द्विनोंदी पद्धती इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली. तिच्या खातेवहीत डावी बाजू डेबिटची. मराठी पुस्तकांनी डेबिटला ‘नावे’ व क्रेडिटला ‘जमा’ असे प्रतिशब्द दिले. शब्द देशी राहिले आणि बाजू बदलल्या. ज्याने घरची चोपडी पाहिली आहे तोच विद्यार्थी वर्गात अधिक गोंधळतो, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

‘रामला उधारीवर माल विकला’ हे वाक्य घ्या. इंग्रजीतून पाठ केलेल्या नियमाने विद्यार्थी आधी खात्याचा प्रकार शोधतो, मग नियम आठवतो आणि तेवढ्यात वाक्याचा अर्थच निसटतो. किराणा दुकानदार मात्र रकमेपुढे रामचे नाव घालतो, म्हणजेच ती रक्कम ‘रामच्या नावे मांडतो’. डेबिटचा अर्थ या वाक्प्रचारातच आहे. वाचताना खरा प्रश्न एवढाच असतो की, ही नोंद कोणाच्या वहीत होत आहे?

शिष्यवृत्तीची रक्कम आल्यावर विद्यार्थ्याच्या पासबुकात ‘जमा’ असे उमटते, कारण ती वही बँकेची आहे आणि बँक त्याचे देणे लागते. तोच व्यवहार त्याने स्वतःच्या वहीत लिहिला तर बँक खाते नावे होते. पाठ्यपुस्तक या दोन्ही नोंदी सहसा निरनिराळ्या प्रकरणांत शिकवते. वर्गात त्या एकाच फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या, तर त्या समजून घ्यायला गोरबोली, दखनी किंवा मारवाडी बोलणाऱ्या मुलाला वेगळ्या भाषांतराची गरज पडत नाही.