अमली पदार्थांची तस्करी: करार आंतरराष्ट्रीय, खटला मात्र इथल्याच कोर्टात

एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील रोहिणा गावात छापा घातला. तिथे मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ बनवण्याचा कारखानाच निघाला. ११ किलोंहून जास्त माल सापडला आणि अटक झालेल्यांत मुंबई पोलीस दलातला एक कर्मचारीही होता. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये नांदेडच्या नायगाव तालुक्यात मांजरमजवळ एनसीबीने ट्रक अडवून ११०० किलोंहून जास्त गांजा पकडला होता. माल आंध्रातून निघाला होता, जाणार होता जळगावकडे. म्हणजे हा धंदा मुंबई-गोव्यापुरताच आहे, असं आता आपल्याला म्हणता येत नाही.

मग असे गुन्हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातात का? नाही. गंमत अशी की, १९८९ मध्ये त्रिनिदाद-टोबॅगोने संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा विषय पुन्हा काढला तो अमली पदार्थांच्या तस्करांसाठीच. पण १९९८ च्या रोम करारात नरसंहार, युद्धगुन्हे वगैरे आले आणि तस्करी बाहेर राहिली. भारत तर त्या कराराचा सदस्यही नाही.

तस्करीसाठी संयुक्त राष्ट्रांचे तीन वेगळे करार आहेत: १९६१, १९७१ आणि १९८८ चा. हे करार थेट कुणाला शिक्षा देत नाहीत. प्रत्येक देशाने आपल्याकडे कडक कायदा करावा, तस्करांची मालमत्ता जप्त करावी, आरोपी एकमेकांच्या ताब्यात द्यावेत, असं बंधन ते घालतात. आपल्याकडे हे काम १९८५ चा एनडीपीएस कायदा करतो, आणि भारतीय नागरिक परदेशात असला तरी तो त्याला लागू आहे.

या कायद्यात सगळा खेळ वजनाचा आहे. गांजा २० किलोंपेक्षा जास्त असेल तर ते ‘व्यावसायिक प्रमाण’. एमडीसाठी हीच मर्यादा फक्त ५० ग्रॅम! त्यापुढे १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख दंड. जामीन जवळपास मिळतच नाही, कारण आरोपी निर्दोष असावा असं आधी कोर्टाला पटावं लागतं. माल ताब्यात सापडला की ‘मला माहीत नव्हतं’ हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. तस्करीच्या पैशातून नातेवाइकांच्या नावावर घेतलेली जमीन किंवा घरही सरकारजमा होऊ शकतं.

आखाती देशांत नोकरीला किंवा उमराहला जाणाऱ्या घरांनी एक प्रकरण लक्षात ठेवावं. २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला गेलं. ट्रीप नात्यातल्याच बाईने ‘भेट’ दिली होती, सोबत एक पाकीटही. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात सुमारे ४ किलो चरस सापडलं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. इथे घरच्यांनी तक्रार केली, एनसीबीने तपास करून ते फसवले गेल्याचे पुरावे उभे केले, तेव्हा २०२१ मध्ये कतारच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही. सौदीत तर तस्करीला मृत्युदंडही आहे. म्हणून ‘भाईजान, एवढं पाकीट तिकडे पोचवा’ म्हणणारा सख्खा असला तरी पाकीट उघडून बघा, नाहीतर नकार द्या. नाराजी परवडते. ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी औषधं इथे चिठ्ठीवर मिळतात, पण तिकडे नेण्यासाठी आधी परवानगी लागू शकते. दूतावासाच्या वेबसाइटवर नियम बघून घ्यावेत.

इथे अंगझडती घ्यायची वेळ आली तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे. बाईची झडती बाईच घेणार. पिशवी किंवा गाडीच्या झडतीला मात्र हे कलम लागत नाही.

आणि मुलगा व्यसनात सापडला असेल तर? बदनामीच्या भीतीने पुष्कळ घरं गप्प बसतात. पण कलम ६४अ सांगतं की, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तस्करीची माहिती देण्यासाठी १९३३ हे सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहेत.