वेलांटी आधी की व्यंजन?

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की पस्तीसेक किलोमीटरवर घोडेगाव येते. कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार ही या गावाची पंचक्रोशीतली ओळख. शनिशिंगणापूरचा फाटाही इथूनच फुटतो. याच रस्त्याने पुढे नेवासे. नेवाशाला जाताना मी घोडेगावात चहासाठी थांबलो होतो. सोबत एक स्नेही होते, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. गेली काही वर्षे त्यांना दिसत नाही. वाचन सगळे फोनच्या आवाजावर चालते. शेजारच्या दुकानात हरिनाम सप्ताहाचा फ्लेक्स संगणकावर तयार होत होता. कीर्तनकारांची नावे आणि वेळा स्नेह्यांना हव्या होत्या. दुकानातल्या मुलाने तत्परतेने फलकाचे चित्र पाठवले. फोन म्हणाला, ‘चित्र’, आणि थांबला. चित्रातली अक्षरे ओळखणारी सोय वापरून पाहिली, पण फलकावरच्या नक्षीदार, सोनेरी कडांच्या अक्षरांपुढे तिचे फार चालले नाही. मग मी त्या मुलाला म्हणालो, ‘नुसता मजकूर पाठव.’ त्याने तोही पाठवला. फोन इंग्रजी मुळाक्षरे म्हणू लागला.

त्या मुलाची यात काही चूक नव्हती. त्याच्या पडद्यावर शुद्ध मराठी होते. अडचण अशी की ते मराठी केवळ पडद्यावरच होते.

हा प्रकार ज्यांना परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. ‘कृतिदेव’सारख्या टंकात ‘किती’ हा शब्द लिहिण्यासाठी एफ, डी, आर, एच या चार कळा दाबाव्या लागतात. संगणकाच्या स्मृतीत राहतात ती हीच चार इंग्रजी अक्षरे. टंक त्यांना वेलांटी, क, त आणि दीर्घ वेलांटी यांचे कपडे चढवतो, एवढेच. टंक काढून घेतला की कपडे उतरतात. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच असा अक्षरांचा पुंजका उरतो. डोळस वाचकापुढे तो टंक असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मात्र कपडे दिसत नाहीत. ती स्मृतीत जे आहे ते वाचते.

‘किती’मध्ये पहिली कळ वेलांटीची आहे, इकडे लक्ष द्यावे. ऱ्हस्व इकार आपण व्यंजनाच्या आधी काढतो आणि नंतर उच्चारतो. रफाराचे नेमके उलटे: ‘सूर्य’ म्हणताना र् आधी येतो, लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. देवनागरीत डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम काही जागी फारकत घेतात. हाताने लिहिताना कोणी वेलांटी आधी काढतो, कोणी नंतर. कागदाला त्याचे सोयरसुतक नसते. पण जिथे अक्षरे एकामागोमाग साठवावी लागतात, तिथे ठरवावेच लागते की लिपी पाहण्याची वस्तू आहे की ऐकण्याची. टंकलेखन यंत्राने हा निवाडा डोळ्याच्या बाजूने दिला. कागदावर ठसा उमटला की यंत्राचे काम संपत होते, त्यामुळे त्याच्यापुरते ते बरोबरच होते. ‘कृतिदेव’ची कळरचना त्या रेमिंग्टन पद्धतीचीच वारसदार आहे.

कानाच्या बाजूचा निवाडा आपल्याकडे बऱ्याच आधी झालेला होता, आणि तो अंधांच्या लिपीत झाला ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतात अंधशाळा निघू लागल्या. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी त्या आल्या. मात्र ज्या त्या संस्थेने आपापली ब्रेल बसवली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडचे पुस्तक वाचता येईना. पुढे फाँटांच्या बाबतीत आपण जे केले त्याची ही आधीची आवृत्ती. हा गोंधळ १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारल्यावर मिटला. सर्व भारतीय भाषांत एका ध्वनीला एकच खूण: मराठीतला क आणि तमिळमधला क बोटाला सारखेच लागतात. आणि ‘किती’ लिहायचे ते क, इ, त, ई या क्रमाने, म्हणजे जसे ऐकू येते तसे. वेलांटी कुठल्या बाजूला काढायची हा प्रश्नच तिथे उरत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हेच तत्त्व पुन्हा शोधावे लागले. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम मोहन तांबे यांच्यासह पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. त्याच परंपरेतली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवणे हे दाखवणाऱ्या यंत्रणेचे काम. ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावरच युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी बेतली गेली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. म्हणजे मराठी महाजालाचा जन्म होण्यापूर्वीच उत्तर तयार होते. तरी पुढची दहा-बारा वर्षे आपण ते वापरले नाही.

का वापरले नाही, याचे खापर केवळ अनास्थेवर फोडणे अन्यायाचे होईल. उत्तर कागदावर होते. ते दाखवू शकणारी यंत्रे घरोघर नव्हती. मराठी माणसे जालावर १९९६ मध्ये ‘मायबोली’पासून एकत्र येऊ लागली, आणि त्यांना लिहायचे होते ते तेव्हाच. वृत्तपत्रांनी आपापले टंक बनवून घेतले. ते वाचकाच्या संगणकावर उतरवण्याची मायक्रोसॉफ्टची रीत एक आणि नेटस्केपने घेतलेली बिटस्ट्रीमची रीत दुसरी. दोघींचे एकमेकींशी जमत नसे. पृष्ठाच्या तळाशी ‘अमुक न्याहाळकातच पाहावे’ अशी सूचना असे. हा आजार मराठीपुरता नव्हता. त्याला कंटाळूनच १९९८ मध्ये पाश्चात्त्य संकेतस्थळकर्त्यांनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ उभारली. मजकुराची रचना वेगळी आणि त्याची सजावट वेगळी ठेवावी, शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण करावी, नुसते मोठे ठळक करून सोडू नये, हा तिचा आग्रह होता. जागतिक जाल संघाची सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ च्या मे महिन्यात आली, दुसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात.

पोथ्या हाताळलेल्या माणसाला हा आग्रह नवा वाटू नये. आपल्या पोथ्यांत शब्द तोडलेले नसत. ओळ अखंड चाले आणि पदच्छेद वाचणाऱ्याच्या कानाने व्हायचा. ओव्यांचे आकडे किंवा दंड हिंगुळाच्या तांबड्या शाईने काढलेले आढळतात. पण अध्याय संपला हे सांगण्याचे काम केवळ तांबड्या रंगावर टाकलेले नसे. अध्यायाच्या शेवटी ग्रंथाचे व अध्यायाचे नाव घेणारी पुष्पिका शब्दांत लिहिलेली असते, कारण पोथी एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार, हे गृहीतच होते. अर्थ केवळ रंगाने सांगू नये, हा आजच्या सुगम्यता-तत्त्वांतला एक नियम आहे.

आणि घोडेगावहून ज्या नेवाशाला आम्ही निघालो होतो, तिथली गोष्ट तर याहून सरळ आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मराठीचा हा ग्रंथ आधी ऐकला गेला, मग दिसला. पुढे तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून पाठ बिघडत गेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या पोथीवरून वेगळी प्रत छापली आणि वाद पुन्हा पेटला. पाठचिकित्सा शिकवणारे आपण हे सगळे वर्गात तळमळीने सांगतो. त्याच आपण आपला प्रबंध कोणत्या संकेतप्रणालीत टंकलिखित झाला, हे विचारत नाही.

पारडे फिरले ते मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ प्रणालीने. तिच्यासोबत ‘मंगल’ हा युनिकोड टंक आला. त्याचे आरेखन र. कृ. जोशी यांचे. सुलेखनकार, आयआयटी मुंबईतले अध्यापक आणि कवी असलेल्या जोश्यांनी अक्षराच्या दृश्यरूपाशी आयुष्यभर खेळ मांडला. २००८ मध्ये ते गेले. ज्या माणसाला अक्षर सर्वांत जास्त ‘दिसत’ होते, त्याच्याच टंकाने मराठी मजकूर दृश्यरूपापासून मोकळा केला, याचे मला नेहमी नवल वाटते. ‘मंगल’ सुंदर नाही, अशी तक्रार पुढे पुष्कळांनी केली. मीही केली आहे. पण ज्यांनी ‘एक्सपी’ प्रणालीत नियंत्रण-पटलावर जाऊन, चकती घालून, भारतीय लिप्यांची सोय स्वतः बसवली आहे, त्यांना पडद्यावर उमटलेली ती पहिली खरी वेलांटी आठवत असेल. मराठी विकिपीडिया २००३ चा, ‘मनोगत’ २००४ चे. तिथून पुढचे मराठी लेखन शोधता येते, उतरवून घेता येते, ऐकता येते.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी लोक अ ला अर्धचंद्र जोडून काम भागवत. दोन्ही रूपे डोळ्याला सारखीच दिसतात. शोधयंत्राला ती दोन निरनिराळी वाटू शकतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हा व्याकरणाच्या तासाचा लाडका भेद. त्यातला अर्धा ऱ दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णलेखनाविषयी निर्णयही काढला. तरी पडद्यावर हिंदी वळण दिसत राहते. याचा एक उपाय अगदी साधा आहे. पृष्ठाची भाषा मराठी आहे, अशी एका शब्दाची नोंद पृष्ठाच्या संहितेत करावी. टंकात सोय असेल तर ल मराठी होतो, आणि वाचून दाखवणारा आवाजही मराठी उच्चार निवडू शकतो. एकाच खुणेने डोळा आणि कान दोघांचे काम होते. इतकी स्वस्त सुधारणा किती ठिकाणी राहून गेली आहे हे पाहिले म्हणजे चीड येते.

कायदाही मागे नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये निघाल्या, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोच ही जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानली. मराठी पुस्तके मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी जुन्या टंकांत जुळवली जातात. त्यांच्या पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून पाहावा. बहुधा घोडेगावच्या त्या फलकासारखीच अक्षरे हाती येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येतो. त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी छापलेल्या समीक्षाग्रंथांतला शब्द शोधायला मात्र पाने उलटावी लागतात, आणि ज्याला दिसत नाही त्याने काय उलटावे?

प्रवासाहून परतल्यावर मी माझा २००२ सालचा एक लेख बाहेर काढला. तो अशाच एका टंकात होता. परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणला, तेव्हा ‘स्थिती’ची जागोजागी ‘स्‍िथती’ झालेली निघाली: वेलांटीला कोणते व्यंजन आपले, ते परिवर्तकाला कळले नव्हते. दोन संध्याकाळी बसून मी ते सगळे नजरेने तपासले आणि लेख स्नेह्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. लेख ऐकला, म्हणाले, पण ‘दुःख’ आले की आवाज मध्येच तुटतो. मी उघडून पाहिले. ‘दुःख’ अगदी नीट दिसत होते. कळ एकेक मागे घेत गेलो, तेव्हा कळले की विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह बसले होते. नऊ ठिकाणी.