मुलाम्याचे काटे-चमचे (किनाऱ्यावर सापडणारे)

हलक्या धातूच्या अंगावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवलेले जुने काटे, चमचे व सुऱ्या. ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि लंडनमधल्या थेम्स नदीच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या गाळात ते वरचेवर सापडतात. काही जहाजांवरून पडलेले, काही बुडालेल्या जहाजांतले. पण बरेचसे सरळ कचऱ्यातून आलेले असतात. जुन्या गावांचा केरकचरा किनाऱ्यालगत टाकला जाई आणि पुढे समुद्राने ती जमीन कातरली की तो बाहेर पडे. लाइम रीजिस येथे २००८ साली दरड कोसळली, तेव्हा गावाचा जुना उकिरडाच किनाऱ्यावर आला.

विजेने मुलामा देण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या जॉर्ज व हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी १८४० मध्ये घेतले. त्यामुळे असा मुलामा असलेला चमचा त्याआधीचा असू शकत नाही. आतला धातू बहुधा जर्मन सिल्व्हर असतो. तांबे, निकेल व जस्त यांच्या या मिश्रधातूत नावापुरतीही चांदी नसते. (आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती ॲल्युमिनियमची, त्यांचा याच्याशी संबंध नाही.) दुसरा धातू ब्रिटानिया, तो मुख्यतः कथलाचा, मऊ आणि सहज वाकणारा.

खाऱ्या पाण्यात चांदी काळी पडते. जिथे थर झिजलेला असतो तिथे आतले जर्मन सिल्व्हर पिवळसर दिसते आणि त्यातल्या तांब्याचा हिरवा गंज वर येतो. चमच्याची पाठ व काट्याची टोके आधी पाहावीत, कारण टेबलावर टेकून तीच सर्वांत आधी झिजतात. सुरीची मात्र अनेकदा नुसती मूठ हाती लागते. गंजरोधक पोलाद शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केले; त्याआधीची साधी पोलादी पाती समुद्र खाऊन टाकतो.

ओळखीचा खरा आधार म्हणजे दांड्याच्या मागचे छाप, आणि फसगतही तिथेच होते. जर्मन सिल्व्हरवरील मुलाम्यासाठी ‘ई-पी-एन-एस’ अशी चार अक्षरे असतात. ती वेगवेगळ्या ढालींत, वळणदार लिपीत अशी कोरलेली असतात की शुद्धतेचे शिक्केच वाटावेत. ब्रिटानियावरच्या मुलाम्याला ‘ई-पी-बी-एम’ लिहितात. ‘ए-१’ ही कारखानदाराने स्वतः ठरवलेली प्रत असते, सरकारी दाखला नव्हे. इंग्लंडमधल्या खऱ्या स्टर्लिंग चांदीवर (९२.५ टक्के) चालता सिंह असतो, ही खूण १५४४ पासूनची. वॉकर अँड हॉल यांचा झेंडा किंवा जेम्स डिक्सन यांची तुतारी ही कारखान्यांची बोधचिन्हे होत. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण १८४२ ते १८८३ या काळातील नोंदलेल्या नक्षीची. त्यानंतर ‘आर-डी’ व क्रमांक येतो. तो नक्षीच्या नोंदणीचा काळ सांगतो, वस्तू घडवल्याचा नव्हे. अमेरिकन चमच्यावर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असले तर ते वर्ष नाममुद्रेचा भाग आहे. तो चमचा कितीतरी नंतरचा असू शकतो. जर्मनीच्या डब्ल्यू-एम-एफ कारखान्याच्या मालावरचा ‘९०’ हा आकडाही शुद्धतेचा नव्हे. बारा चमचे व बारा काटे यांवर मिळून चढवलेल्या चांदीचे ते ग्रॅम आहेत.

जहाज कंपनी, हॉटेल किंवा पलटणीचे नाव असलेला तुकडा मोलाचा असतो. मुंबईला नियमित येणाऱ्या पी अँड ओ जहाजांच्या टेबलांवरही कंपनीचे असे काटे-चमचे असत. बाणासारखी खूण ब्रिटिश सरकारी मालाची.

सापडलेला चमचा घासू नये. छाप उथळ असतात आणि थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजण्याइतका पातळ; राख, चिंच किंवा पावडर लावून चकाकी आणण्याच्या नादात कितीतरी नावे कायमची पुसली जातात. गोड्या पाण्यात भिजत ठेवावा, पाणी बदलत राहावे, मऊ ब्रशने वाळू काढावी आणि तिरप्या उजेडात भिंगाने छाप वाचावेत.

बुडालेल्या जहाजातली वस्तू सापडल्यास ब्रिटनमध्ये १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवावे लागते. थेम्सकाठी शोध घेण्यासाठी लंडन बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.