मोहरी, छर्रे आणि मेंदूचे माप

कवटीच्या मापावरून वंशांची प्रतवारी लावता येते, हा समज एकोणिसाव्या शतकात मोठ्या डौलाने मिरवत होता. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने १८३९ साली ‘क्रॅनिया अमेरिकाना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो कवटीत पांढरी मोहरी भरून तिचे आकारमान काढीत असे. परंतु मोहरी दाबली की दबते! एकाच कवटीच्या दोन मापांत चार घन इंचांपर्यंत अंतर पडू लागले, तेव्हा त्याने शिशाचे छर्रे घेतले आणि त्याच कवट्या पुन्हा मोजल्या. आकडा कवटीचा किती व भरणीचा किती, हा प्रश्न तेथेच उभा राहिला.

१९३० च्या सुमारास इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची असममिती मोजली. युरोपीय कवट्या याबाबतीत वेगळ्या ठराव्यात, ही गुरूंची अपेक्षा; बाईंच्या मापांत तसा वंशभेद दिसला नाही व त्यांनी तसेच लिहिले. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करतानाही त्यांनी मानवमिती सोडली नाही, हे विशेष होय.

आज एमआरआय जिवंत मेंदूचे आकारमान सांगते. मात्र चुंबक दीड टेस्लाचा की तीनचा, चित्राची कड किती ओढली जाते, यांवर करड्या व पांढऱ्या भागांची सीमा किंचित सरकते. वार्धक्यात मेंदू वर्षाला सुमारे अर्धा टक्का घटतो. यंत्र बदलल्याने पडणारा फरक त्याहून मोठा असू शकतो. पुण्यातील एखाद्या आजोबांची तपासणी यंदा एका रुग्णालयात, पुढील वर्षी दुसऱ्यात झाली, तर मेंदू घटला की यंत्र बदलले, हे नुसत्या दोन आकड्यांवरून कसे ठरवावे? संशोधक यासाठी एकाच व्यक्तीला दोन्ही यंत्रांत निजवून पाहतात, अथवा ज्ञात मापाची कृत्रिम वस्तू आत ठेवून यंत्राचीच परीक्षा घेतात.