मिरग, हत्ती आणि हजेरीचं पान

तुम्ही डोळे उघडता तेव्हा पायाखाली तापलेला मुरूम आहे. तारीख ७ जून १९७२. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, म्हसवडच्या अलीकडचं एक गाव. पारावर बसलेला म्हातारा कपाळावर हात धरून तुमच्याकडे बघतो.

“पाव्हणं, उन्हात का हुबं? या सावलीला.”

तो तांब्या पुढं करतो. तुम्ही पंचांगाचा विषय काढता. आज मृग निघतोय, यंदा वाहन कोणतं? बेडूक, म्हैस की हत्ती असलं म्हणजे पाऊस चांगला, एवढं तुम्ही ऐकून आहात. म्हातारा पश्चिमेकडून नजर हलवत नाही.

“वाहान कायबी असू द्या. आला तर मिरूग, न्हाई तर निस्ती तारीख.”

तो बघतोय त्या दिशेला, सरळ रेषेत शंभराहून जास्त किलोमीटरवर, महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. इथं पाचशेसुद्धा होत नाही. समुद्रावरून निघालेला वारा सह्याद्री चढताना आपलं बहुतेक पाणी तिकडंच टाकून देतो आणि घाट उतरून इकडं येईपर्यंत कोरडा होतो. जिल्हा एकच, पण पश्चिमेच्या टोकाला माणसं इरल्याखाली भात लावत असतात तेव्हा पूर्वेच्या टोकाला नांगरटीची ढेकळं पांढरी पडलेली असतात.

मृगात एक सर येते. धूळ दबते, बस्स. त्या सरीच्या भरवशावर कुणी बाजरी, मटकी, हुलगा टाकतो. कुणी बियाणं मडक्यातच ठेवतो.

जुलै लागतो आणि वारा सुटतो. माणातला हा वारा अनुभवल्याशिवाय कळायचा नाही. दिवसरात्र घोंघावतो, छपरावरचे पत्रे खडखडतात, त्यांवर दगड ठेवावे लागतात. डोक्यावरून ढग जातच असतात. हलके, पांढरे, घाईतले. सावली तुमच्या अंगावरून सरकते, अंगावर गार काटा येतो, तोवर ढग पंढरपूरच्या वाटेला लागलेला असतो. आर्द्रा जाते, तरणा पुनर्वसू जातो, म्हातारा पुष्य जातो. उगवलेली बाजरी वीतभर होऊन पिवळी पडते.

तरीही गाव धीर सोडत नाही, आणि त्याला कारण आहे. माणला लोक सरसकट दुष्काळी म्हणून मोकळे होतात, ते मला कधी पटलेलं नाही. या मुलखाचं एक गणित आहे, आणि ते किती पाऊस पडला यापेक्षा कधी पडला याचं आहे. इथला खरा पाऊस परतीचा. उत्तरा आणि हस्त (लोकांच्या तोंडी हत्ती), म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात. तेव्हा वारा पडतो, दुपारी उकडतं आणि पूर्वेकडून काळे, जड ढग गडगडत चढतात. हत्तीनं एकदा सोंड फिरवली की काळ्या रानात वाफसा येतो आणि शाळू पेरता येतो. पुढं एक थेंब पडला नाही तरी शाळू जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर दाणा धरतो. दोन नक्षत्रांच्या पावसावर वर्षभराची भाकरी! त्यामुळं ऑगस्ट कोरडा गेला तरी इथला शेतकरी म्हणतो, अजून हत्ती हाय.

तुम्हीही त्यांच्यासोबत थांबता. हस्त निघतो. पोरी पाटावर हत्ती काढतात, भोवती फेर धरतात, हादगा बसतो. खिरापत ओळखायची वेळ येते आणि ती यंदा कुणालाही पहिल्या झटक्यात ओळखता येते, कारण घरोघरी फुटाणेच आहेत. बायका दारातून पोरींकडं कमी आणि पूर्वेकडं जास्त बघतात. एका संध्याकाळी वीज चमकते. सगळा गाव बाहेर येतो. वास येतो, ओल्या मातीचा, अगदी खरा, कुठल्यातरी लांबच्या शिवारातून. तेवढाच. रात्री चांदण्या स्वच्छ दिसतात. म्हातारा पारावरून उठतो, धोतर झटकतो आणि काही न बोलता घरी जातो.

महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ माणमधल्या या गावात कुठल्या दिवशी आला असं कुणी विचारलं, तर मी हीच रात्र दाखवीन.

थंडी पडते. दहिवर पडतं ते उघड्या ढेकळांवर. म्हसवडच्या बाजारात खिलार बैलांच्या जोड्या मातीमोल जातात. धनगरांची मेंढरं नेहमीच्या वाटा सोडून लांबलांब जातात.

मार्चमध्ये तुम्ही खडीवर आहात. दुष्काळी काम. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ साली शेजारच्या जिल्ह्यातल्या तासगाव भागात अजमावून पाहिली होती; तिचा कायदा व्हायला १९७७ उजाडायचंय. आत्ता फक्त मुकादम आहे, हजेरीचं पान आहे आणि दगडांचे ढीग आहेत. शेजारची बाई तुम्हाला बसायचं कसं ते दाखवते. जुन्या ट्यूबची कापलेली रबरी कडी दगडाभोवती ठेवायची, म्हणजे घाव बसला की कपची डोळ्यात उडत नाही. कडी डाव्या हातात, हातोडी उजव्या. तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली आहे, रक्त वाळून काळी झालेली. मोजमाप ब्रासवर. ढीग कमी भरला तर मजुरीही कमी.

दुपारी ती फडकं सोडते. भाकरी लाल. ही मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. थापताना कडा चिरते, तव्यावर पापुद्रा धरत नाही, आणि गार झाली की चामड्यासारखी होते. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेली ही बाई अर्धी भाकरी मोडून तुमच्या हातावर ठेवते.

“खावा. ग्वाड न्हाई, पर प्वाट भरतंय.”

पोरांना सुकडी मिळते. पोरं मात्र ती आवडीनं चाटून खातात.

चैत्रात सासवडकडून तेल्या भुत्याची कावड येते आणि भर उन्हात मुंगी घाट चढून शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला पाण्याची धार घालते. खडीवरच्या बायका हातोडी खाली ठेवून शिखराकडं हात जोडतात. मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं आहेत. त्यातली चारशे तुमच्या नजरेसमोर, ४० अंशांच्या उन्हात, ओळीनं बसलेली.

जून १९७३. मृग निघून काही दिवस झालेत. रात्री पत्र्यावर टपटप वाजतं, मग तडतड, मग दुसरं काही ऐकूच येत नाही. तुम्ही अंगणात जाता तर म्हातारा आधीच तिथं उभा, उघड्या अंगानं, चिंब. पहाटेपर्यंत ओढा बोलायला लागतो.

सकाळी तुम्ही कामावर जाता. खडीचे ढीग धुऊन निळेशार झालेत. मुकादम छत्रीखाली पान उघडून नावं पुकारतो. पहिलं नाव. दुसरं. तिसरं. कुणी ओ देत नाही. पलीकडच्या रानातून बैलाला घातलेली हाळी ऐकू येते. कालच्या ढिगावर एक रबरी कडी तशीच पडलेली आहे, तिच्यात पाणी साचलंय.

मुकादम चौथं नाव पुकारतो.