आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप

सन 71. रोमच्या रस्त्यावरच्या गर्दीत तुम्ही रेटले जाताय. सम्राट वेस्पासियन आणि त्याचा मुलगा तीत यांची विजयाची मिरवणूक चालली आहे. यरुशलेमच्या मंदिरातून लुटलेली सात फाट्यांची सोन्याची समई लोकांच्या डोक्यांवरून डुलत जाते. मंदिर गेल्याच वर्षी जळालं. सगळीकडे जल्लोष आहे, पण तुमच्या शेजारची बाई मान खाली घालून निघते. तिच्या मागोमाग तुम्ही टायबर नदी ओलांडून पलीकडच्या ज्यू वस्तीत येता.

वरच्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत येशूला मानणारी माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. येशूला क्रुसावर चढवलं त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. त्याला डोळ्यांनी पाहिलेले थोडेच उरलेत. रोमच्या 64 सालच्या आगीनंतर सम्राट नीरोनं ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. प्रेषित पेत्र आणि पौल त्याच्याच राजवटीत मारले गेले, असं परंपरा सांगते. पौलाची पत्रं आहेत, पण येशूची हकीकत अजून मुख्यतः तोंडीच फिरते आहे. म्हणून आज कोणीतरी ती लिहून आणली आहे.

वाचणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून बघा. पपायरसवर काजळीच्या शाईत बोरूनं काढलेली ग्रीक अक्षरं, मोडीसारखी सलग, शब्दांमध्ये जागाच नाही. लेखकाचं नाव कुठंच नाही. ‘मार्क’ हे नाव पुढं चिकटेल. काही अभ्यासक हे लेखन सिरियातलं मानतात. मला जुन्या परंपरेतलं रोमच पटतं, कारण विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन बारीक नाण्यांची किंमत हा लेखक रोमी नाण्यात समजावतो.

मंदिर पार उद्ध्वस्त होईल असं येशू सांगतो, तिथं वाचणारा अडखळतो. सकाळची समई सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आहे. मुख्यतः याच प्रकरणामुळे बहुतेक अभ्यासक हे शुभवर्तमान, म्हणजे येशूची ही लिखित हकीकत, 70 च्या आसपासचं धरतात.

मग क्रूस येतो. शेताकडून येणाऱ्या शिमोन कुरेनेकराला शिपाई वेठीला धरतात आणि त्याच्याकडून येशूचा क्रूस वाहून घेतात. लेखक त्याची ओळख करून देतो ती आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप म्हणून. बस्स, एवढंच. ही मुलं कोण, हे तो सांगत नाही, कारण ऐकणारे त्यांना ओळखतात. त्या अख्ख्या पुस्तकात या दोन नावांइतकं माझ्या जिवाला भिडणारं दुसरं काही नाही. बापानं तो क्रूस खांद्यावर घेतला होता, आणि मुलांना ओळखणारी माणसं अजून हयात आहेत.

पुढच्या दहा-वीस वर्षांत मत्तय आणि लूक याच मजकुराची प्रत पुढ्यात ठेवून आपापलं शुभवर्तमान लिहितील. शिमोन दोघांकडेही आहे. मुलांची नावं दोघांनीही गाळली आहेत. त्यांच्या ऐकणाऱ्यांत त्या भावांना ओळखणारं कोणी उरलं नसावं. शतक सरता सरता योहानाचं शुभवर्तमान येईल. त्यात शिमोनही नाही. येशू आपला क्रूस स्वतःच वाहतो.